खान्देशातल्या रस्त्यांसाठी गाडीचं मागचं डिफरन्शियल कसं निवडावं

पावसाळ्यात शेतरस्त्यावर एखादी बोलेरो रुतली की ढकलायला आलेल्यांपैकी कुणीतरी सल्ला देतोच, "भाऊ, मांगे लॉकर टाकी ल्या." सल्ला मनापासूनचा असतो, पण अर्धाच असतो. लॉकर म्हणजे नेमका कोणता, गाडी रुतली ती कशामुळे, आणि पाऊस सरल्यावर तीच गाडी भुसावळ-जळगाव-धुळे महामार्गावर भरधाव पळणार आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. ज्यांनी नुकतीच मागच्या चाकांवर चालणारी गाडी घेतली आहे आणि एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एका चाकाचं घसरणं आवरणारं), लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा), एमएलडी हे शब्द ऐकून गोंधळले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझं म्हणणं एकच: डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणारी गिअरची जुळणी, ठरतं ते तुमची गाडी कुठे आणि कशी अडते यावरून. बाजारात सगळ्यात दणकट काय मिळतं, हा प्रश्न नंतरचा.

आधी गाडीखाली वाकून बघा

स्विफ्ट, बलेनो, एर्टिगा, नेक्सॉन अशा गाड्यांची पुढची चाकं गाडी ओढतात. त्यांचं डिफरन्शियल पुढे गिअरबॉक्सलाच जोडलेलं असतं, मागे काही नसतं. हा लेख त्यांच्या कामाचा नाही. बोलेरो, बोलेरो निओ, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर, क्रूझर, ईको, जुनी सुमो, तवेरा, क्वालिस, मार्शल, कमांडर या मागच्या चाकांवर चालतात. फोर-बाय-फोर असलेल्यांत गरजेला पुढची चाकंही जोडता येतात. नावावरून फसू नका. इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकांवर चालते, हायक्रॉस पुढच्या. शंका असेल तर गाडीखाली बघा: गिअरबॉक्सपासून मागे लांब शाफ्ट गेलेला दिसेल आणि मागच्या ॲक्सलच्या मध्यावर गोल फुगीर हाऊसिंग दिसेल. त्या हाऊसिंगमध्ये पिनियन (शाफ्टच्या टोकाचा छोटा गिअर), क्राउन (त्याने फिरणारा मोठा गिअर) आणि डिफरन्शियल बसलेलं असतं.

ते करतं काय

गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर चालतं. किती जास्त, याचा हिशोब सोपा आहे. दोन चाकांमधलं अंतर साधारण दीड मीटर धरा. गाडीने एक पूर्ण गोल मारला तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ९.४ मीटर जास्त चालतं, मग तो गोल एसटी स्टँडसमोरच्या चौकाएवढा असो की शेताएवढा. काटकोनात वळलात तरी फरक सव्वादोन मीटरच्या वर जातो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर हा फरक टायर घासून किंवा ॲक्सल पिळवटून भरून काढावा लागेल. डिफरन्शियलमधले छोटे गिअर, ज्यांना गॅरेजमध्ये स्टार म्हणतात, हा फरक गिळतात.

पण साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलची एक अट असते: ते दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर देतं. बैलजोडीचं जू आठवा. मधोमध बांधलेलं असल्यामुळे एक बैल ढिला पडला की जू तिरपं होतं आणि दुसरा बैल कितीही तगडा असला तरी त्याचा जोर वाया जातो. ओपन डिफरन्शियलमध्येही डावं चाक चिखलात घसरताना १०० न्यूटन-मीटरच जोर घेत असेल, तर डांबरावरच्या उजव्या चाकालाही १०० च मिळतो. इंजिनात ताकद कितीही असो, चाकांवर एकूण २०० च्या वर काही उतरत नाही. डावं चाक हवेत लटकलं तर हिशोब शून्यावर येतो. डांबरावरचं चाक हलतही नाही.

बाकीचे सगळे प्रकार हे एवढं एक दुखणं दूर करण्यासाठी निघाले. आणि प्रत्येकाने त्याबदल्यात काहीतरी मागून घेतलं आहे, हे विसरू नका.

तुमच्या गाडीत आत्ता काय आहे

नवीन काही घेण्याआधी हे तपासा, कारण काहींच्या गाडीत कंपनीनेच लॉक होणारं डिफरन्शियल दिलेलं असतं आणि मालकाला माहीतच नसतं. बोलेरो निओच्या एन१० (ओ) मध्ये मागे एमएलडी, म्हणजे स्वतःहून लॉक होणारं मेकॅनिकल डिफरन्शियल आहे. थार आणि स्कॉर्पिओ-एनच्या काही फोर-बाय-फोर मॉडेलमध्येही ते मिळतं. फोर्स गुरख्यात पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाने लावायचे लॉक आहेत. टोयोटा हायलक्समध्ये मागे बटणावरचा लॉक आहे. माहितीपुस्तिका उघडा, आधी तिथेच शोधा.

पुस्तिका नसेल तर जॅकवर तपासणी करता येते. सपाट जागा घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. हे टाळू नका, कारण हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतो आणि ती चाकं तर तुम्ही उचलणार आहात. मागची दोन्ही चाकं जमिनीवरून सोडवून ॲक्सलखाली घोड्या लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, फोर-बाय-फोर असेल तर टू-एचमध्ये (फक्त मागची चाकं जोडलेली), हँडब्रेक मोकळा. आता एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट दिशेला फिरलं तर ओपन डिफरन्शियल. त्याच दिशेला फिरलं तर आत लिमिटेड स्लिप किंवा लॉकर आहे.

या तपासणीला अपवाद आहेत. चालकाने लावायचा लॉक बंद असेल तर चाकं ओपनसारखीच फिरतात. एमएलडी हळू फिरवल्यावर अगदी ओपनसारखंच वागतं. आणि घासून संपलेलं क्लच-प्लेटचं एलएसडीही ओपनसारखंच वागतं. सेकंडहँड गाडी घेताना विकणारा "एलएसडी आहे" म्हणाला आणि चाकं उलट फिरली, तर प्लेटा संपल्या असाव्यात असं धरून भाव करा.

एक गोष्ट कधीच करू नका: एकच मागचं चाक उचलून इंजिन चालू ठेवून गिअर टाकणं. ओपन डिफरन्शियलवर ते चाक हवेत फिरत राहील, पण एलएसडी किंवा लॉकर असेल तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून ढकलून देईल. माणूस खाली असेल तर जिवावर बेततं.

गाडी अडते कुठे, हे लिहून काढा

हा टप्पा बहुतेक लोक वगळतात. वही घ्या, गेल्या पावसाळ्यात गाडी कुठे कुठे अडली ते लिहा आणि प्रत्येक ठिकाणी दोन्ही मागच्या चाकांची स्थिती काय होती ते आठवा.

आपल्याकडची पहिली नेहमीची जागा म्हणजे साइडपट्टी. अरुंद डांबरी रस्ता, समोरून एसटी किंवा उसाचा ट्रॅक्टर येतो, तुम्ही डावी चाकं खाली उतरवता आणि थांबता. पुन्हा निघताना डावं चाक ओल्या काळ्या मातीत गरगरतं, उजवं डांबरावर गप्प उभं. इथे एलएसडी किंवा लॉकर खरोखर कामाला येतो, कारण एका चाकाला पकड आहे आणि जोर तिकडे पाठवायचा आहे. फक्त लक्षात ठेवा की जोर उजव्या चाकावर आला की गाडीचं तोंड डावीकडे, म्हणजे चारीकडे ओढलं जातं. पाय हलका ठेवा आणि स्टेअरिंग धरून ठेवा.

दुसरी जागा सातपुड्याच्या पायथ्याची. मनुदेवीकडचे, पाल परिसरातले, तोरणमाळच्या आतल्या पाड्यांकडचे कच्चे रस्ते आणि नाले दगडगोट्यांचे आहेत. तिथे खड्डे तिरपे येतात, एक मागचं चाक खड्ड्यात उतरतं किंवा हवेत राहतं आणि दुसरं दगडावर टेकलेलं असतं. लॉकरचं खरं मैदान हेच.

तिसरी जागा काळ्या जमिनीतला शेतरस्ता, आणि इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त पैसा याच जागेपायी चुकीचा खर्च होतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचा गच्च भरून टाकते. दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. दोन्ही मागच्या चाकांची अशीच गत झाली की दोघांनाही पकड नसते. लॉकर एका चाकाचा जोर दुसऱ्याला देऊ शकतो, पण नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. मग एका चाकाऐवजी दोन चाकं जागेवर खणतात आणि गाडी आधीपेक्षा लवकर हाऊसिंगवर बसते. ट्रॅक्टर त्याच रस्त्याने कसा जातो, असं लोक विचारतात. पायाजवळचं डिफरन्शियल लॉकचं पेडल दाखवून सांगतात की बघा, लॉकमुळे. पेडलचा वाटा आहे, पण मोठा वाटा उंच, तिरप्या दात्यांच्या टायरचा आणि मागच्या वजनाचा आहे. ते दाते माती बाहेर फेकतात. म्हणून तुमच्या वहीत हीच जागा सगळ्यात जास्त वेळा आली असेल तर आधी टायरवर खर्च करा: मोठ्या मोकळ्या खाचांचे, चिखलाचे टायर.

चौथी जागा तापी, गिरणा, अनेर, पांझरा यांच्या पात्रातली वाळू. वाळूतही दोन्ही चाकं सारखीच सरकतात. तिथे हवा कमी करणं जास्त उपयोगी: हळू चालवायचं असेल तर २० पीएसआयच्या आसपास उतरवा आणि डांबरावर येण्याआधी पुन्हा भरा. त्यासाठी गाडीत बारा व्होल्टचा छोटा पंप ठेवा. लॉकरच्या तुलनेत तो फारच स्वस्त आहे.

आणि तुमच्या वहीत एकही जागा आली नाही, म्हणजे गाडी जळगाव-पाचोरा-चाळीसगाव अशी डांबरावरच फिरते, तर वही मिटा. ओपन डिफरन्शियलच ठेवा. ते शांत आहे, टिकाऊ आहे, टायर जपतं, आणि त्याचं ऑइल तालुक्याच्या गावात कुठल्याही दुकानात मिळतं.

जुन्या चालकांचा एक उपाय इथेच तपासून घेऊ: चाक गरगरलं की हँडब्रेक दोन-तीन दात ओढायचा. ओपन डिफरन्शियलवर याचा फायदा जवळजवळ नसतो. हँडब्रेक दोन्ही चाकांना सारखाच लागतो, त्यामुळे घसरणाऱ्या चाकाला अडवून दुसऱ्याला जो जास्तीचा जोर मिळतो, तो त्या दुसऱ्या चाकाचा ब्रेकच खाऊन टाकतो. नव्या गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल यशस्वी होतं, कारण ते फक्त घसरणाऱ्या चाकालाच ब्रेक लावतं. मारुती जिम्नीत ब्रेकवर चालणारी हीच व्यवस्था आहे. अधूनमधून अडकणाऱ्याला एवढं पुरतं. लांब चिखलात ब्रेक तापतात, ही तिची मर्यादा.

प्रकार, आणि प्रत्येकाचा मोबदला

पहिला पर्याय नाकारण्यासाठीच सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत जुन्या जीपच्या मालकाला अजून असं ऐकायला मिळतं, "भाऊ, स्टार वेल्ड करी टाकू, कायमनं लॉक व्हई जाई." खर्च नाममात्र, म्हणून मोह होतो. पण ती गाडी मग वळणावर दोन्ही मागची चाकं सारखीच फिरवते. प्रत्येक चौकात टायर ओरडतात, स्टेअरिंग जड होतं, ॲक्सल पिळवटला जातो, आणि ओल्या डांबरावर वळताना मागचा भाग सुटतो. वेल्ड तडकला तर तुकडा क्राउन-पिनियनमध्ये जाऊन हाऊसिंग जाम होऊ शकतं, तेही चालत्या गाडीत. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे कुणीही करू नये.

क्लच-प्लेटच्या एलएसडीत बाजूच्या गिअरमागे घर्षणाच्या प्लेटा असतात. जोर वाढला की त्या दाबल्या जातात आणि दोन्ही चाकं एकमेकांना धरून ठेवतात. स्प्रिंगमुळे थोडी पकड आधीपासूनच असते, म्हणून एक चाक हलकं झालं तरी काही जोर पलीकडे जातो. याचा मोबदला देखभालीत द्यावा लागतो. प्लेटा झिजतात, ऑइलमध्ये घर्षण नियंत्रित करणारं खास मिश्रण लागतं, आणि ते चुकलं तर गल्लीत वळताना मागून कडकड, थरथर येते. शर्यतीची आवड असलेल्यांना यात पकड कमी-जास्त करून घेता येते. घरच्या गाडीला एवढं लाड करणं बहुतेकांना जमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

व्हिस्कस प्रकारात घट्ट सिलिकॉन द्रवात प्लेटा फिरतात. चाकांच्या वेगात फरक पडला की तो द्रव प्लेटांना एकमेकींबरोबर ओढतो. तो उशिरा जागा होतो, वर्षांनी थकतो आणि सहसा दुरुस्त होत नाही. जुन्या आयात गाडीत मिळाला तर वापरा, पैसे देऊन बसवू नका.

हेलिकल गिअरचं डिफरन्शियल मला रस्त्यासाठी सगळ्यात आवडतं. अमेरिकेतल्या व्हर्नन ग्लीझमन यांनी काढलेलं टॉर्सन याच घराण्यातलं. ब्रिटनचं क्वेफही प्रसिद्ध आहे. यात प्लेटा नाहीत. तिरपे गिअर जोर आला की एकमेकांवर आणि कवचावर दाबले जातात आणि त्या घर्षणातून जास्त पकड असलेल्या चाकाला जास्त वाटा जातो. समजा त्याचं प्रमाण तीनास एक आहे. घसरणारं चाक १०० घेत असेल तर दुसऱ्याला ३०० पर्यंत मिळू शकतं, म्हणजे ओपनच्या २०० च्या जागी एकूण ४००. आवाज नाही, झटका नाही, साधं गिअर ऑइल चालतं, आयुष्य लांब. पण एक चाक पूर्ण हवेत गेलं तर शून्याची तिप्पट शून्यच. तेव्हा मात्र वर सांगितलेला हँडब्रेकचा उपाय खरा ठरतो: हलका ब्रेक लागला की हवेतल्या चाकाला काहीतरी अवरोध मिळतो आणि त्याची तिप्पट जमिनीवरच्या चाकाला जाते. त्यातला स्वतःच्या ब्रेकचा वाटा वजा केला तरी बरंच हाती उरतं.

एमएलडी हे आपल्याकडच्या वापराला सगळ्यात जवळचं. ईटन कंपनीच्या या रचनेत आत छोटी वजनं असतात. एक मागचं चाक दुसऱ्यापेक्षा मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांनी जास्त फिरू लागलं की ती वजनं बाहेर फेकली जातात, खटका अडकतो आणि दोन्ही चाकं पूर्ण लॉक होतात. ताशी तीस किलोमीटरच्या आसपासच्या वर ते लॉक होतच नाही, म्हणून महामार्गावर ते ओपनसारखंच सुरक्षित राहतं. नवख्या चालकाची अडचण वेगळीच होते: चाक गरगरलं की तो घाबरून पाय काढतो, पुन्हा देतो, पुन्हा काढतो, आणि लॉक कधी लागतच नाही. बोलेरोच्या मापाच्या टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे १०० फेरे हा ताशी साधारण १३ किलोमीटरचा वेग झाला. तेवढं चाक एकसारखं फिरू द्या. 'ठक्' असा धक्का लागेल, गाडी सरकेल, मग पाय हलका करा. इंजिन किंचाळेपर्यंत रेस देऊन लॉक लावलात तर तोच धक्का ॲक्सल आणि क्राउनच्या दातांवर हातोड्यासारखा बसतो.

चालकाच्या हातातला लॉकर, हवेवरचा किंवा विजेच्या बटणावरचा, बंद असताना ओपन डिफरन्शियलच असतो आणि लावला की पूर्ण लॉक. ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा एअर लॉकर हे याचं परिचित उदाहरण. ज्यांनी ट्रॅक्टर चालवला आहे त्यांना याचे नियम शिकवावे लागत नाहीत: चाक गरगरत असताना लॉक लावायचा नाही, थांबून लावायचा; लॉक असताना वळायचं नाही; कठीण जागा संपली की लगेच काढायचा. गाडीलाही हेच लागू आहे. खर्च जास्त, कॉम्प्रेसर किंवा वायरिंग आलं, आणि ओढ्याच्या पाण्यात, चिखलात त्या नळ्या-तारा सांभाळाव्या लागतात.

डेट्रॉइटसारखा आपोआप लॉकर नेहमी लॉक असतो आणि वळताना बाहेरचं चाक खटखट करत सोडतो. दगडात अप्रतिम. पण आखूड गाडीत, ओल्या रस्त्यावर, वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की तो झटक्याने बाजू बदलतो. कन्नड घाटात पाऊस असताना समोरून ट्रक येतोय आणि मागून असा झटका बसतोय, ही कल्पना करा. रस्त्याच्या गाडीला मी तो सुचवणार नाही.

एक धोका सगळ्याच लॉकर-एलएसडींचा आहे आणि तो दुकानदार सांगत नाहीत. ओपन डिफरन्शियलवर जास्त रेस दिली तर एकच चाक घसरतं. दुसरं निदान गाडीला आडवं सरकू देत नाही. दोन्ही चाकं एकत्र घसरली की मागचा भाग रस्त्याच्या उताराकडे सरकतो. आपल्याकडे पहिल्या पावसात शेतातून निघालेले ट्रॅक्टर डांबरावर काळ्या मातीचा थर पसरवून जातात. त्या थरावर, मध्ये उंच आणि कडेला उतरत्या रस्त्यावर, लॉक झालेली गाडी सरळ चारीत जाते.

मग कुणी काय घ्यावं

शहर, महामार्ग, घाट आणि कुटुंब: ओपन. चांगले टायर आणि वेळेवर ऑइल. रोज बांधावर जाणारा केळी-कापसाचा शेतकरी, गाडी एकच आणि चालवणारे घरातले तिघे: नवी गाडी घेत असाल तर कंपनीने बसवलेलं एमएलडी असलेलं मॉडेल बघा. बटण दाबायला कुणी विसरत नाही, कारण बटणच नाही. सातपुड्यात मुद्दाम दगड-नाल्यात जाणारा: चालकाच्या हातातला लॉकर. ताकदवान, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घाटवळणांत मनापासून चालवणारा: हेलिकल, तुमच्या ॲक्सलसाठी तो बनत असेल तरच. रिकाम्या पिकअपचं मागचं टोक हलकं असतं म्हणून ती अडते. तिच्यात ॲक्सलच्या वर दोन-तीन पोती बांधून बघा, मग पुढचा विचार करा.

आहे त्या गाडीत बाहेरून काही बसवणार असाल तर ऑर्डरच्या आधी ॲक्सलची ओळख पटवा: स्प्लाइन (ॲक्सलच्या टोकावरच्या उभ्या खाचा) किती, क्राउनचं माप काय, क्राउन-पिनियनचं गुणोत्तर किती. एकाच नावाच्या गाडीत वर्षांप्रमाणे ॲक्सल बदललेले असतात. गुणोत्तर बदललंत तर वेगमापक खोटं दाखवू शकतो, आणि फोर-बाय-फोरमध्ये पुढचं-मागचं गुणोत्तर सारखंच लागतं, नाहीतर ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारी गिअरपेटी, तुटते.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाला सोडून असलेल्या बदलांना बंधनं आहेत. वॉरंटीत असलेल्या गाडीची हाऊसिंग उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला लेखी विचारा. तोंडी "चालतं भाऊ" वर जाऊ नका.

गॅरेजमध्ये काय विचाराल

हे काम पाना-हातोडीच्या गॅरेजचं नाही. डिफरन्शियल बदलताना क्राउन बाहेर काढून पुन्हा बसवावा लागतो, आणि क्राउन-पिनियनच्या दातांमधली ढील मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायची असते. बऱ्याच गाड्यांत ती ०.१० ते ०.२० मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. म्हणून पहिला प्रश्न: "दादा, डायल गेज (ही ढील मोजायचं काट्याचं माप) आहे का?" हाताने हलवून "बरोबर आहे" म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका. दुसरं, दातांना रंग लावून छाप बघायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहा. छाप दाताच्या मधोमध यायला हवी. टोकाला किंवा बुडाला आली तर शिम (मध्ये घालायची पातळ चकती) बदलून पुन्हा बसवावं लागेल. यात अर्धा दिवस जास्त गेला तरी जाऊ द्या. छाप चुकीची राहिली तर साठ-सत्तरच्या वेगाला मागून 'हूं' असा आवाज सुरू होतो आणि तो कधीच आपोआप जात नाही. क्राउन आणि पिनियन जोडीने घासून तयार केलेले असतात. एकच बदलू म्हणणाऱ्याला नकार द्या. हाऊसिंग उघडलंच आहे तर बेअरिंग आणि ऑइल सील नवीनच टाका.

ऑइल निवडताना "नव्वद नंबर टाका" एवढं सांगून भागत नाही. मागच्या ॲक्सलला बहुतेक ठिकाणी जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० ऑइल लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून मनानेच घट्ट ऑइल ओतू नका. पुस्तिकेत लिहिलंय तेच घाला. क्लच-प्लेटचं एलएसडी असेल तर त्याचं मिश्रण वेगळं घ्यायचं. हेलिकलमध्ये ते मिश्रण टाकायचं नाही, कारण त्याचं काम घर्षणावरच चालतं. ओढ्याच्या पाण्यातून हाऊसिंग बुडेल एवढी गाडी गेली असेल तर ऑइल तपासा. ताकासारखं पांढरट दिसलं की पाणी शिरलं आहे, लगेच बदला. हाऊसिंगवरची श्वासनळी चिखलाने बुजली आहे का, तेही तेव्हाच बघा.

काम झाल्यावर पहिल्या दिवशी गाडी पंधरा-वीस मिनिटं शांतपणे चालवा आणि पूर्ण थंड होऊ द्या. पहिले ७००-८०० किलोमीटर ट्रॉली ओढू नका, पूर्ण भार भरून घाट चढू नका. हजार किलोमीटरच्या आत ते पहिलं ऑइल काढून टाका. काढताना ड्रेन बोल्टवर चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघा. राखाडी, लोण्यासारखी बारीक भुकटी नव्या गिअरची असते, तिची काळजी नको. बोटाला टोचेल असा कण किंवा दाताचा तुकडा सापडला, तर नवीन ऑइल भरू नका. हाऊसिंग पुन्हा उघडायला लावा.